वेबसाईटचे ट्रेंड : उचलण्याआधी जरा थांबून बघू या

कोरीपाटी

वेबसाईट नव्याने करायची ठरली की पहिल्याच बैठकीत कुणीतरी मोबाईल पुढे करतं, एखाद्या मोठ्या कंपनीची चकचकीत साईट दाखवतं आणि म्हणतं, "आपल्याला अशी हवी." अशी का हवी, हे विचारायचं मात्र राहून जातं. मी याच कामात आहे. तो प्रश्न विचारला जावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

नवं ते वाईट, असं माझं म्हणणं नाही. पण ट्रेंड बहुतेक वेळा कुणाच्या तरी अडचणीवरचा तोडगा म्हणून जन्माला येतो. अडचण त्यांची, वाचक त्यांचे, पैसा आणि माणसंही त्यांचीच. आपण उचलतो तो नुसता तोडगा. ती अडचण आपल्याकडे आहे का, हे कुणी तपासत नाही.

होमपेजवरचा सरकता बॅनर घ्या. पाच चित्रं आपोआप पुढे सरकतात, खाली पाच ठिपके. हा प्रकार इतका का पसरला? माझ्या मते संस्थेतल्या प्रत्येक विभागाला होमपेजवर वरची जागा हवी असते आणि स्लायडर लावला की सगळ्यांचं समाधान होतं. म्हणजे तो संस्थेच्या आतलं भांडण मिटवतो, बाहेरून आलेल्या माणसासाठी काहीच करत नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या साईटवरचे आकडे २०१३ साली तिथल्याच वेब डेव्हलपरने प्रसिद्ध केले होते. होमपेजवर आलेल्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांनी स्लायडरवर क्लिक केलं, आणि त्यातले ८४ टक्के क्लिक पहिल्या चित्रावर होते. दुसऱ्यापासून पुढच्या चित्रांवर किती मेहनत गेली असेल, विचार करा.

दुसरं उदाहरण फ्लॅशचं, म्हणजे वेबवर ॲनिमेशन दाखवणाऱ्या ॲडोबी कंपनीच्या प्लेअरचं. २००० च्या आसपास अख्खी साईट फ्लॅशमध्ये बांधणं हे पुढारलेपणाचं लक्षण होतं. आधी इंट्रो, मग 'स्किप इंट्रो'चं बटण, मग कुठे मेन्यू. त्यातला मजकूर सर्च इंजिनांना नीट वाचता येत नसे. बॅक दाबलं की माणूस थेट साईटच्या बाहेर. आतल्या एखाद्या पानाची लिंक कुणाला पाठवावी म्हटलं तर सोय नाही. २००७ मध्ये आयफोन आला तो फ्लॅशशिवाय. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी फ्लॅश का नको, हे जाहीर पत्र लिहूनच सांगितलं. शेवटी ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमध्ये काही चालेनासंच झालं. सगळा मजकूर फ्लॅशमध्ये अडकवून बसलेल्यांपुढे साईट मुळापासून बांधण्यावाचून मार्ग उरला नाही.

एखादी गोष्ट जुनी दिसायला लागली, एवढ्यावर निभावलं तर ठीक. इथे मजकूरच गेला. ट्रेंड घेताना मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते: उद्या हा काढायचा म्हटलं तर काय काय उपटावं लागेल? रंग बदलायचा तर एका दुपारचं काम. पण सगळी पानं स्क्रोलवर हलणाऱ्या ॲनिमेशनभोवती रचली असतील, तर मजकूरही पुन्हा लिहावा लागतो, कारण तो त्या हालचालीच्या मापानेच तोडलेला असतो.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

---

पायवाट

शंभर टक्के सहमत. माझी तक्रार न संपणाऱ्या स्क्रोलची. एका दुकानाच्या साईटवर मला फक्त फोन नंबर हवा होता. तो अगदी तळाशी, फूटरमध्ये. तळाशी पोचतोय तोच वीस नव्या वस्तू लोड होतात आणि फूटर खाली पळतो. पुन्हा खाली, पुन्हा तेच. शेवटी नाद सोडला आणि दुसरीकडून वस्तू घेतली.

आणि एखादी वस्तू उघडून बघून मागे आलं की पुन्हा यादीच्या सुरुवातीला. कुठवर आलो होतो ते गेलं.

---

नीलरेषा

डिझायनर म्हणून थोडी दुसरी बाजू मांडते.

एक, दिसण्याला महत्त्व आहे आणि ते नाकारून चालणार नाही. स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांच्या गटाने २००२ मध्ये अडीच हजारांहून जास्त लोकांना साईट विश्वासार्ह वाटते की नाही आणि का, असं विचारलं होतं. जवळजवळ निम्म्या शेऱ्यांमध्ये साईटच्या दिसण्याचा उल्लेख आला. लोक मजकूर वाचण्याआधी पान बघतात आणि मत बनवून मोकळे होतात. दहा वर्षांपूर्वीच्या थाटाची साईट बघून "ही संस्था अजून चालू आहे ना?" असं वाटणारे लोक खरोखर आहेत. माझे क्लायंट घाबरतात ते यालाच, आणि त्यांची भीती खोटी नाही.

दोन, ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईन' (पडद्याच्या मापाप्रमाणे बदलणारी मांडणी) या नावाने लेख लिहिला तेव्हा तोही ट्रेंडच होता. तेव्हा "जरा थांबा" म्हणणारे पुढची पाच वर्षं मोबाईलसाठी वेगळी साईट सांभाळत बसले. थांबण्याचीही किंमत असते.

---

कोरीपाटी

नीलरेषा, दोन्ही मुद्दे रास्त आहेत.

रिस्पॉन्सिव्हचं आधी बोलतो, कारण माझ्या मते तेच चांगल्या ट्रेंडचं उदाहरण आहे. अडचण खरी होती: पडदे लहानमोठे झाले होते आणि एकच रुंदी धरून बांधलेली पानं मोबाईलवर वाचताच येत नव्हती. ती अडचण जवळजवळ प्रत्येक साईटची होती. तोडगा ब्राउझरला आधीच समजणाऱ्या गोष्टींतून बनलेला होता: लवचिक मांडणी, लवचिक चित्रं, मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार वेगळी मांडणी लावणारा नियम). ब्राउझरला मीडिया क्वेरी कळली नाही तरी मजकूर वाचता यायचाच. वाचकाला तो 'दिसत'सुद्धा नव्हता, त्याला नुसतं नीट वाचता येत होतं. असा ट्रेंड आला तर मी पहिल्या दिवशी घेईन.

याउलट फ्लॅट डिझाईन बघा. विंडोज फोन ७ मध्ये २०१० साली ते ठळकपणे आलं, २०१३ मध्ये आयफोनचं आयओएस ७ आलं आणि मग सगळ्यांनीच सावल्या, कडा, उठाव पुसून टाकले. त्यात चांगलंही होतं, खोट्या चामड्याचे आणि लाकडाचे पोत गेले याचा मला आनंदच आहे. पण त्यांच्याबरोबर बटणाचं बटणपणही गेलं. साधा निळा शब्द, त्याला कड नाही, अधोरेखा नाही; तो मथळा आहे की दाबायची गोष्ट, हे कळायला मार्ग नाही. साईट वापरायला किती सोप्या आहेत हे तपासणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुपने २०१७ मध्ये काही पानांची प्रत्येकी दोन रूपं करून नजरेचा माग घेतला. दाबायच्या जागा ठळक नव्हत्या त्या रूपात लोकांना हवी ती गोष्ट शोधायला सरासरी २२ टक्के जास्त वेळ लागला. हा वेळ रस घेऊन बघण्यात गेला नव्हता, चाचपडण्यात गेला होता.

गूगलने २०१४ मध्ये मटेरियल डिझाईन ही आपली डिझाईनची पद्धत आणली, त्यात सावल्या पुन्हा आल्या. ज्यांनी २०१३ मध्ये घाईने सगळं सपाट केलं, त्यांनी वर्षभरात दुसऱ्यांदा खर्च केला.

दिसण्याबद्दल: नीटनेटकं असणं आणि ट्रेंडी असणं या माझ्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनच्या सरकारी साईटला, गव्ह.यूकेला, २०१३ मध्ये लंडनच्या डिझाईन म्युझियमचा 'डिझाईन ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला. ती बघा. पांढरं पान, काळा मजकूर, मोठी अक्षरं, सरळ भाषा. तिच्याकडे बघून कुणी "बंद पडली का?" म्हणणार नाही. तुम्ही म्हणता ती विश्वासाची भीती मोकळी मांडणी, सुवाच्य अक्षर आणि ताजी तारीख यांनी बरीचशी जाते. दोन वर्षांपूर्वीची 'ताजी बातमी' सगळ्यात वर ठेवून भोवती कितीही ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे रंग) लावले तरी विश्वास बसत नाही.

---

अनुस्वार

मी देवनागरीतल्या साईट करतो, म्हणून या बाजूने भर घालतो. याबद्दल फार कमी बोललं जातं. आजचे बहुतेक ट्रेंड रोमन लिपी समोर ठेवून जन्मतात. ते जसेच्या तसे मराठी पानावर आणले की लिपीच मोडते.

मोठ्ठा मथळा आणि ओळी एकमेकींना चिकटलेल्या, ही सध्याची फॅशन. इंग्रजीत लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची, १ ठेवली तरी खपून जातं. देवनागरीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीतल्या 'कृ'चा पाय खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. त्यात मथळ्याला ग्रेडियंट रंग दिला असेल तर आणखी पंचाईत: रंग अक्षराच्या चौकटीपुरताच भरला जातो, चौकटीबाहेर गेलेली मात्रा सरळ अदृश्य होते. 'वर्ष'चा रफार गेला की उरतं 'वष'.

अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन त्याहून वाईट. इंग्रजीत छोट्या कॅपिटल अक्षरांत विरळ लिहिलेलं लेबल छान दिसतं. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे उरतं नुसतं अंतर, आणि त्याने शिरोरेषा तुटते. शब्द एकसंध न दिसता सुट्या तुकड्यांची रांग दिसते.

आणि अक्षर-अक्षर उगवणारा मथळा! बहुतेक तयार स्क्रिप्ट शब्दाचे तुकडे युनिकोडच्या (कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या) घटकांप्रमाणे पाडतात. 'किंमत' वाचताना आपल्याला तीन अक्षरं दिसतात. स्क्रिप्टला पाच घटक दिसतात: क, मग वेलांटी, मग अनुस्वार, मग म, त. प्रत्येक तुकडा वेगळ्या चौकटीत गेला की वेलांटी एकटी पडते आणि ब्राउझर तिला टेकायला तुटक रेषेचं वर्तुळ काढतो. भर होमपेजवर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत. इंग्रजी डेमो बघून थीम, म्हणजे साईटचा तयार साचा, विकत घेणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही. ॲनिमेशन हवंच असेल तर शब्दाशब्दाने करा. अक्षराशिवाय चालतच नसेल तर ब्राउझरमध्ये आता मजकूर तोडायचा इंटल.सेगमेंटर आहे, तो अक्षरं बऱ्याच अंशी धरून तोडतो.

बारीक, हलक्या वजनाच्या फॉन्टचंही तेच. देवनागरीच्या गाठी आणि पोकळ्या आधीच दाट असतात. बारीक रेषा आणि त्यात फिकट राखाडी रंग, मग 'घ' आणि 'ध' मधला फरक शोधावा लागतो.

---

पायवाट

अनुस्वार, वर्तुळाचं कोडं आज सुटलं. मला इतके दिवस वाटायचं माझ्या फोनमधलाच फॉन्ट बिघडलाय.

---

दुर्बीण

फिकट राखाडीचा विषय निघालाच आहे तर लिहितो. माझी नजर अधू आहे. मला साईट वापरता येते की नाही, हे बऱ्याचदा एका रंगावर ठरतं.

वेब ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक नियमांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, २००८ पासून स्पष्ट लिहिलं आहे की साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १. पांढऱ्यावर #७६७६७६ हा राखाडी जेमतेम पास होतो. 'सौम्य, आधुनिक' म्हणून सर्रास वापरला जाणारा #९९९९९९ हा २.८५ : १ वर येतो. डिझायनरच्या उत्तम स्क्रीनवर तो सुंदर दिसत असेल, माझ्यासाठी ते कोरं पान असतं. उन्हात उभं राहून मोबाईल बघा, तुम्हालाही तेच दिसेल.

फॉर्मचा ट्रेंडही असाच. लेबल काढून टाकतात आणि चौकटीच्या आत फिकट अक्षरांत 'नाव', 'पत्ता' लिहितात. टाइप करायला लागलं की ते गायब. मी पान मोठं करून वाचतो, त्यामुळे एका वेळी दोनच चौकटी दिसतात. अर्धा फॉर्म भरून परत वर आलो तर कुठल्या चौकटीत काय भरलं, हे सांगायला काहीच शिल्लक नसतं. चौकटीच्या वर साधं लेबल ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि हालचाल. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास असलेल्यांना पॅरॅलॅक्सने, म्हणजे स्क्रोल करताना मागचं चित्र वेगळ्या वेगाने हलण्याने, खरोखर गरगरतं, मळमळतं. फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये 'रिड्यूस मोशन' (हालचाल कमी करा) असं सेटिंग असतं आणि साईटला ते ओळखता येतं. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून जास्त चालणारी हालचाल मजकुराशेजारी असेल, तर ती थांबवायची सोय द्या असंही त्याच नियमांत आहे. किती स्लायडरना थांबवायचं बटण असतं, बघा एकदा.

---

नीलरेषा

दुर्बीण, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कॉन्ट्रास्टच्या बाबतीत माझी कुठलीच दुसरी बाजू नाही.

---

रातकिडा

हेच सगळं काचेच्या फॅशनबद्दल. २०२० च्या सुमाराला 'ग्लासमॉर्फिझम' आलं, धुरकट काचेमागे रंग. जून २०२५ मध्ये ॲपलने लिक्विड ग्लास हे काचेसारखं नवं रूप जाहीर केलं आणि वेबवर पुन्हा काचच काच. मजकूर वाचता येत नाही अशी टीका पहिल्या चाचणी-आवृत्तीपासून होत होती. पुढे आयओएस २६.१ मध्ये त्यांनी काच कमी पारदर्शक करायचा पर्याय दिला. ॲपलकडे तो पर्याय बांधायला माणसं आहेत. नक्कल करणाऱ्या साईटवर असा पर्याय मी अजून पाहिला नाही.

---

शेवंती

फार कामाचा धागा, वाचनखूण साठवली. आता माझी अडचण.

आमच्या वाचनालयाची साईट नवी करायची आहे आणि जबाबदारी माझ्याकडे. समितीला पूर्ण पडदाभर व्हिडिओ हवा आहे, मेन्यू तीन रेघांच्या आत हवा आहे (कॉम्प्युटरवरसुद्धा) आणि मथळा अक्षर-अक्षर उगवणारा. थीम निवडून झालीय. सगळी वयाने मोठी, आदराची माणसं आहेत. त्यांना "नको" कसं म्हणू?

---

कोरीपाटी

शेवंतीताई, "नको" म्हणूच नका. समितीत चव विरुद्ध चव असा वाद झाला की ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. त्याऐवजी लोक साईटवर कशासाठी येतात त्याची यादी करा. वाचनालयाच्या बाबतीत अंदाज सोपा आहे: आज उघडं आहे का, अमुक पुस्तक आहे का, मुदत कशी वाढवायची, सभासद कसं व्हायचं. ही यादी समितीकडूनच मंजूर करून घ्या. मग प्रत्येक मागणीला एकच प्रश्न: याने या चारपैकी कुठलं काम सोपं होतं?

तीन रेघांचं चिन्ह जुनं आहे, झेरॉक्स स्टार या कॉम्प्युटरसाठी १९८१ मध्ये नॉर्म कॉक्स यांनी काढलेलं. मोबाईलवर जागाच नसते, तिथे ते समजू शकतो. कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यावर चार शब्दांचा मेन्यू लपवून काय मिळवायचं? नील्सन नॉर्मन ग्रुपच्या २०१६ च्या चाचण्यांत मेन्यू लपवला की त्यातल्या गोष्टी सापडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. तुमचे चारही शब्द उघडे ठेवा. मोबाईलवरही चार शब्द दोन ओळींत बसतात.

व्हिडिओसाठी वाद घालू नका, दाखवा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम हळू करता येतं. 'स्लो' निवडा आणि समितीसमोर ती थीम उघडा. गूगलच्या निकषात पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं आहे. तिथे कोरा पडदा बघत बसण्याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला की माझ्या दहा वाक्यांची गरज उरणार नाही. व्हिडिओ हवाच असेल तर आतल्या 'आमच्याविषयी' पानावर ठेवा, दाबल्यावर सुरू होणारा. समितीची हौस राहते आणि पुस्तक शोधायला आलेल्याचं अडत नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाच सभासदांना बोलवा. खर्च काही नाही. प्रत्येकाला वेगवेगळं बसवून सांगा, "या पुस्तकाची मुदत वाढवून दाखवा." तुम्ही गप्प बसा आणि समितीतल्या एकाला शेजारी गप्प बसायला सांगा. बोट कुठे अडखळतं ते बघा. मी आजवर पाहिलंय, आपल्या आवडत्या थीमवर एखादा माणूस अडकलेला बघितला की हट्ट आपोआप सैल होतो.

---

नीलरेषा

याला पूर्ण अनुमोदन. एक भर: समितीला आवडलेल्या थीममधून काहीतरी नक्की घ्या. रंगसंगती, चित्रांचा थाट, मथळ्याचा फॉन्ट, जे उद्या बदलता येईल असं. सगळंच नाकारलं तर त्यांना साईट आपली वाटणार नाही आणि पुढे तिच्यावर ताजी माहिती कोण टाकेल?

---

शेवंती

सगळ्यांचे खूप आभार. चार कामांची यादी मंजूर झाली. हळू नेटवर्कवर थीम दाखवली आणि व्हिडिओ अध्यक्षांनीच आतल्या पानावर पाठवला. सभासदांची चाचणी पुढच्या आठवड्यात.

अनुस्वार, मथळ्याचं उगवणं बंद केलं आणि लाइन-हाइट १.५ केली. रफार दिसायला लागला. पण आता मोबाईलवर मथळा तीन ओळींचा होतो आणि शोधाची चौकट खाली जाते.

---

अनुस्वार

मग मथळ्याचा आकार मोबाईलवर कमी करा, लाइन-हाइटला हात लावू नका. १.४ पर्यंत चालून जाईल, त्याखाली नको. आणि शोधाची चौकट मथळ्याच्या वर घ्या. तुमच्या यादीतलं दुसरं काम तेच आहे ना?